पान कार्बन डायऑक्साइड आत घेतं कसं: वाट, हिशेब आणि करून पाहायचे प्रयोग

पान हवा ओढत नाही. आपल्याला फुफ्फुसं आहेत, छातीचा भाता आहे. पानाकडे यातलं काहीच नाही. तरीही उजेड असेपर्यंत कार्बन डायऑक्साइड पानात शिरत राहतो, कारण आत तो सतत संपत असतो. जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे वायू आपोआप सरकतो, याला विसरण म्हणतात. झाडाच्या वाट्याला दोनच कामं येतात: दार उघडं ठेवायचं आणि आत आलेला वायू लगेच वापरून टाकायचा. अडचण अशी की त्याच दारातून पाणी बाहेर पळतं. कार्बन हवा असेल तर पाणी द्यावं लागतं. वनस्पतींच्या वागण्यातल्या कितीतरी गोष्टी, भर दुपारी वाढ थांबण्यापासून पानफुटीची पानं पहाटे आंबट लागण्यापर्यंत, या एका सौद्यातून आलेल्या आहेत.

आधी आकडे पाहू, कारण त्याशिवाय या कामाची अवघडता कळत नाही. हवेत कार्बन डायऑक्साइड आज सुमारे ४२० पीपीएम (दर दहा लाख रेणूंमागे ४२०) आहे, म्हणजे दर दहा हजार रेणूंमागे चारच्या आसपास. एक घनमीटर हवेत तो जेमतेम पाऊण ग्रॅम भरतो. एक ग्रॅम ग्लुकोज बनवायला १.४७ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड लागतो, म्हणजे दोन घनमीटर हवा पूर्ण रिकामी करावी लागेल. तीन मीटर लांब, रुंद आणि उंच खोलीतल्या सगळ्या हवेतून फार तर १४ ग्रॅम साखर निघेल. मोठ्या वृक्षाचं लाकूड असं चिमटी-चिमटीने गोळा झालेलं असतं.

झाड मातीतून वाढत नाही हे व्हान हेल्माँट यांनी वजन करून दाखवलं. त्यांचा प्रयोग १६४८ मध्ये छापला गेला. कुंडीतलं वाळुंजाचं रोप पाच वर्षांत १६४ पौंडांनी वाढलं आणि माती फक्त दोनेक औंसांनी घटली. हे सगळं पाण्यातून आलं असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो अर्धाच बरोबर होता, कारण हवा त्यांच्या हिशेबात नव्हती. १८०४ मध्ये द सोस्यूर यांनी मोजमाप करून दाखवलं की कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो आणि उरलेल्या वजनात पाण्याचाही वाटा असतो.

बाहेरच्या हवेपासून हरितलवकापर्यंत

पानाच्या पृष्ठभागाला चिकटून स्थिर हवेचा एक पातळ थर असतो. वारा नसेल आणि पान रुंद असेल तर तो काही मिलिमीटरपर्यंत जाड होतो. वाऱ्यात तो मिलिमीटरच्या अंशावर येतो. बंद खोलीत छोटा पंखा मंद लावला की रोपं सुधारतात, त्यामागे हा थर पातळ होणं हे एक कारण आहे.

त्यानंतर येतं खरं दार, म्हणजे पर्णरंध्र. पानाची बाकीची त्वचा मेणचट क्युटिकलने झाकलेली असते आणि तिच्यातून वायू जवळपास जातच नाही. बहुतेक पानांवर दर चौरस मिलिमीटरला १०० ते ३०० रंध्रं असतात. सगळी उघडली तरी भोकांचं एकूण क्षेत्रफळ पानाच्या एक-दोन टक्क्यांच्या आसपासच भरतं. एवढ्याशा जागेतून एवढा वायू कसा जातो, याचा उलगडा ब्राउन आणि एस्कोम्ब यांनी १९०० मध्ये केला. बारीक भोकातून होणारं विसरण क्षेत्रफळापेक्षा व्यासाच्या प्रमाणात चालतं, कारण रेणू भोकाच्या कडेने बाजूबाजूनेही आत वळतात. म्हणून एका मोठ्या खिडकीपेक्षा तेवढ्याच क्षेत्रफळाची हजारो बारीक छिद्रं कितीतरी जास्त वायू जाऊ देतात.

प्रत्येक रंध्राला दोन रक्षक पेशी असतात. पहाटेच्या उजेडातला निळा भाग पेशीला कळला की ती हायड्रोजन आयन बाहेर ढकलते, त्या बदल्यात पोटॅशियम आत येतं, त्यामागून पाणी येतं आणि पेशी फुगते. तिच्या भिंतीतले सेल्युलोजचे धागे आडव्या कड्यांसारखे गुंडाळलेले असल्याने ती जाड होऊ शकत नाही, लांब होते. दोन्ही टोकं बांधलेली, त्यामुळे धनुष्यासारखी वाकते आणि मधे फट पडते. पाणी कमी पडलं की अॅब्सिसिक आम्ल हे झाडाचं संप्रेरक वाढतं, पोटॅशियम बाहेर जातं, पेशी सैल पडते आणि दार मिटतं. आतला कार्बन डायऑक्साइड वाढला तरीही दार आवळलं जातं. म्हणजे झाड गरजेपुरतंच उघडतं.

रंध्रामागे पोकळी आणि तिच्या पुढे स्पंजी ऊतींमधल्या हवेच्या गल्ल्या लागतात. या गल्ल्यांना लागून असलेल्या पेशीभिंतींचं क्षेत्रफळ पानाच्या क्षेत्रफळाच्या १० ते ४० पट भरतं. भिंती ओल्या असतात. तिथे वायू पाण्यात विरघळतो आणि त्याचा वेग एकदम मंदावतो. पाण्यात कार्बन डायऑक्साइडचं विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश होतं. म्हणून पानाने पाण्यातला प्रवास शक्य तितका तोकडा ठेवला आहे: हरितलवकं पेशीच्या मधोमध न राहता हवेच्या बाजूच्या भिंतीला चिकटून रांगेत बसलेली असतात. शेवटच्या टप्प्यात कार्बोनिक अॅनहायड्रेज हे विकर विरघळलेला वायू आणि बायकार्बोनेट यांची भराभर अदलाबदल करत राहतं.

हरितलवकात रुबिस्को (कार्बन पकडणारं विकर) वाट पाहत असतो. पाच कार्बनच्या साखरेला तो कार्बन डायऑक्साइड जोडतो आणि तीन कार्बनचे दोन तुकडे तयार होतात. पुढचं चक्र कॅल्विन, बेन्सन आणि बॅशम यांनी किरणोत्सारी कार्बन-१४ वापरून शैवालात शोधलं. कॅल्विन यांना त्यासाठी १९६१ चं नोबेल पारितोषिक मिळालं. रुबिस्को फारच संथ आहे, सेकंदाला तीनेक रेणू हाताळतो. वेग नाही म्हणून झाड संख्या वाढवतं. पानातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी पाव ते अर्धा भाग एकट्या रुबिस्कोचा असतो. पानाला नायट्रोजन इतका का लागतो, याचं मोठं उत्तर इथे आहे. त्याचा दुसरा दोष अधिक महाग पडतो. तो ऑक्सिजनलाही पकडतो. २५ अंश सेल्सिअसला, साध्या हवेत, कार्बन डायऑक्साइड तीन-चार वेळा पकडला की एकदा ऑक्सिजन हाती लागतो, आणि ती चूक निस्तरताना आधी मिळवलेला काही कार्बन परत जातो. याला प्रकाशश्वसन म्हणतात. उष्णता वाढली की चुकांचं प्रमाणही वाढतं.

पाण्याचा हिशेब

२५ अंशांना पानातली हवा वाफेने भरलेली, म्हणजे वाफ सुमारे ३१,००० पीपीएम. बाहेर आर्द्रता ५० टक्के असेल तर तिथे साडेपंधरा हजार. बाहेर ढकलणारा फरक १५,५०० झाला. उलट कार्बन डायऑक्साइड बाहेर ४२० आणि पानात साधारण २९०. आत आणणारा फरक १३०. त्यात वाफेचा रेणू हलका, १.६ पट वेगाने पळणारा. गुणाकार केला तर कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे पाण्याचे १९० रेणू गेले. हवा कोरडी आणि पान तापलेलं असेल तर हाच आकडा ४००–५०० वर जातो. यात रंध्र किती उघडं आहे हे कुठेच आलं नाही, कारण दोन्ही वायू एकाच भोकातून जातात. दार अर्धं मिटलं तर पाणी वाचतं, पण कार्बनही अडतो.

प्रयोग पहिला: रंध्रांचा ठसा

पारदर्शक नेलपॉलिश, पारदर्शक चिकटपट्टी, काचपट्टी आणि ४०० पट दाखवणारा सूक्ष्मदर्शक लागेल. गुळगुळीत, लव नसलेलं पान निवडा. खालच्या बाजूला, शिरा टाळून, नखाएवढ्या जागेवर नेलपॉलिशचा एकच पातळ हात द्या. १० ते १५ मिनिटं पूर्ण सुकू द्या. त्यावर चिकटपट्टी दाबा, एका टोकाकडून सावकाश सोला आणि थेट काचपट्टीवर चिकटवा. पापुद्र्यावर ओठांसारख्या जोड्या दिसतील. मधली फट म्हणजे रंध्र.

मोजायचं असेल तर दृष्टिक्षेत्राचा व्यास आधी काढा. सर्वांत कमी शक्तीच्या, म्हणजे ४ पटीच्या भिंगाखाली पारदर्शक मोजपट्टी ठेवा. व्यास साधारण साडेचार मिलिमीटर येतो. ४० पटीच्या भिंगाखाली त्याचा दहावा भाग, म्हणजे ०.४५ मिलिमीटर, आणि क्षेत्रफळ ०.१६ चौरस मिलिमीटर. पाच वेगवेगळ्या जागी मोजून सरासरी घ्या. सरासरी ३० आली तर ३० भागिले ०.१६, म्हणजे चौरस मिलिमीटरला सुमारे १९० रंध्रं. कडेवर अर्धवट दिसणारी रंध्रं वरच्या अर्ध्या कडेवरची धरा आणि खालच्या कडेवरची सोडा, नाहीतर संख्या फुगते.

पापुद्रा फाटतो तेव्हा बहुतेक वेळा नेलपॉलिश नीट सुकलेलं नसतं. सगळं धुरकट दिसलं तर थर जाड झाला. पापुद्र्याला केस आणि धागेच दिसले तर पान लवदार आहे, दुसरं घ्या. चकाकीचं किंवा रंगीत नेलपॉलिश वापरूच नका. एकही रंध्र दिसलं नाही तर बाजू तपासा: बऱ्याच झाडांच्या पानांना वरच्या बाजूला रंध्रं जवळजवळ नसतात, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या कमळाच्या जातींना ती फक्त वरच असतात. त्याच झाडाचा एक ठसा सकाळी चांगल्या उजेडात आणि दुसरा कोमेजलेल्या पानावरून घ्या. फटीची रुंदी शेजारी-शेजारी ठेवून पाहिली की वरचा हिशेब डोळ्यांना दिसतो.

प्रयोग दुसरा: बुडालेल्या चकत्या

अर्धा लिटर पाण्यात १ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवा, हे ०.२ टक्के द्रावण झालं. त्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एकच थेंब टाका आणि फेस न आणता ढवळा. पालकासारख्या मऊ, कोवळ्या पानातून कागदाच्या पंचने मुख्य शिरा टाळून दहा चकत्या काढा. १० मिलिलिटरच्या, सुई नसलेल्या सिरिंजमध्ये त्या घाला, दट्ट्या लावा, ५ मिलिलिटर द्रावण ओढा, वरची हवा काढून टाका. तोंडावर बोट घट्ट दाबून दट्ट्या मागे खेचा आणि दहा सेकंद धरा. चकत्यांच्या कडांमधून बारीक बुडबुडे निघताना दिसतील: ती पानाच्या गल्ल्यांमधली हवा. आता बोट सोडा. द्रावण त्या रिकाम्या गल्ल्यांत शिरतं आणि चकत्या गडद, ओल्या काचेसारख्या होऊन खाली जातात. दोन-तीन वेळा पुरे.

चकत्या त्याच द्रावणाच्या पारदर्शक पेल्यात ओता आणि वर १५ ते २० सेंटिमीटरवर तेजस्वी एलईडी दिवा लावा. दर मिनिटाला किती तरंगल्या ते लिहा. दहापैकी पाच वर यायला लागलेला वेळ हे तुमचं माप. चांगल्या पानांना साधारण ५ ते १५ मिनिटं लागतात. शेजारी दुसरा पेला साबण आहे पण सोडा नाही अशा पाण्याचा ठेवा, आणि तिसरा सोड्याचाच पण काळ्या कागदात गुंडाळलेला. साध्या पाण्यातल्या चकत्या तळाशीच रेंगाळतात. पान तेच, उजेड तोच, फक्त कार्बनचा पुरवठा नाही.

वर आणणारा वायू ऑक्सिजन आहे हे लक्षात ठेवा. कार्बन डायऑक्साइड घेतल्याची ही अप्रत्यक्ष खूण. वर आलेल्या चकत्या अंधारात ठेवल्या तर श्वसनात तो ऑक्सिजन खर्च होतो आणि त्या पुन्हा हळूहळू बुडतात. हा भाग सहसा कुणी करत नाही, पण तो जरूर करावा. चकती जिवंत आहे याचा याहून चांगला पुरावा नाही.

चकत्या बुडतच नसतील तर साबण कमी पडला किंवा पान मेणचट आहे. बुडतात पण उठत नाहीत, तर दट्ट्या फार जोरात किंवा फार वेळा ओढून पेशी फुटल्या असाव्यात, किंवा पान शिळं आहे, किंवा साबण जास्त झाला. पेल्याच्या काचेला चिकटल्या असतील तर पेला हलकेच टिचकीने हलवा. गरम होणारा दिवा असेल तर मधे पाण्याने भरलेलं चपटं काचेचं भांडं ठेवा, नाहीतर उष्णतेनेच बुडबुडे सुटून चकत्या उठतील आणि निकाल खोटा पडेल.

प्रयोग तिसरा: रंग बदलणारं पाणी

ब्रोमोथायमॉल ब्लू हा दर्शक सामू ६ च्या खाली पिवळा, ७.६ च्या वर निळा आणि मधे हिरवा दिसतो. उकळून गार केलेल्या १०० मिलिलिटर पाण्यात ०.०४ टक्के दर्शकाचे दहा-पंधरा थेंब टाका. नळीने हळू फुंका, हिरवट-पिवळा रंग येताच थांबा. ओढू नका, फक्त फुंका. चार परीक्षानळ्या भरा: हायड्रिलाची फांदी आणि उजेड, फांदी आणि अंधार, फक्त पाणी आणि उजेड, फक्त पाणी आणि अंधार. बुचं घट्ट लावा. उजेडातल्या फांदीचं पाणी एक ते तीन तासांत निळ्याकडे सरकतं, अंधारातलं आणखी पिवळं होतं.

बहुतेक वेळा चूक होते ती फुंकण्यात: गर्द पिवळा रंग येईपर्यंत फुंकलं तर तेवढा वायू संपवायला फांदीला दिवस जातो. दुसरी चूक सैल बुचाची. वायू नुसताच उडून जातो आणि फांदी नसलेली नळीही निळी होते. त्या दोन रिकाम्या नळ्या याचसाठी आहेत. त्या बदलल्या तर सगळा प्रयोग पुन्हा करा.

शाळेतला कॉस्टिक पोटॅशचा प्रयोग, अर्धं पान बाटलीत आणि अर्धं बाहेर, इथे थोडक्यात सांगतो. बाटलीतलं पोटॅश तिथल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. रोप आधी ४८ तास अंधारात ठेवून पानातला मंड (स्टार्च) संपवावा लागतो, मग उजेडात चार-सहा तास, मग अल्कोहोलमध्ये हरितद्रव्य काढून आयोडीन. बाटलीतला भाग निळाकाळा होत नाही. अल्कोहोल थेट ज्योतीवर कधीही तापवू नका, गरम पाण्याच्या भांड्यातच ठेवा. पोटॅश हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवेतच. मला या प्रयोगाची एक उणीव खटकते: बाटलीतली हवा दमट आणि उबदारही असते, त्यामुळे फरक नेमका कार्बन डायऑक्साइडमुळेच पडला असं म्हणता येत नाही. पोटॅशच्या जागी पाणी असलेली दुसरी बाटली, त्याच झाडाच्या दुसऱ्या पानावर, जोडीला हवीच. कांदा-लसणाच्या कुळातली पानं घेऊ नका. ती मंडाऐवजी साखर साठवतात आणि आयोडीनला दाद देत नाहीत.

प्रयोग चौथा: बंद डबा आणि मापक

एकच प्रयोग करायला वेळ असेल तर हा करावा. यात रंगाचा अंदाज नाही, सरळ आकडा मिळतो.

२० लिटरचा पारदर्शक, घट्ट झाकणाचा डबा आणि कार्बन डायऑक्साइडचा मापक घ्या. मापक अवरक्त किरणांनी वायू मोजणारा, एनडीआयआर जातीचाच हवा. स्वस्तातले काही मापक इतर वायूंवरून नुसता अंदाज बांधतात आणि पडद्यावर कार्बन डायऑक्साइड लिहितात. पानाच्या बाष्पाने ते भलतेच आकडे दाखवतात. मापकात आपोआप ४०० वर जुळवून घेण्याची सोय असेल तर ती बंद करा, कारण आकडा खाली जाऊ लागला की तीच सोय माप बिघडवते.

कुंडीची माती हा सगळ्यात मोठा घोटाळा आहे. मातीतले जीव आणि मुळं सतत कार्बन डायऑक्साइड सोडतात. कुंडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड खोडाभोवती कापूस लावून घट्ट बांधा. डबा उघड्या हवेत भरा आणि झाकण लावताना श्वास रोखा: उच्छ्वासात सुमारे ४०,००० पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो, एक लिटर श्वास आत गेला तरी डब्यातला आकडा दोन हजारांनी चढतो. वरून एलईडीचा उजेड द्या. थेट उन्हात डबा काही मिनिटांतच चाळिशी ओलांडतो आणि मग तुम्ही प्रकाशसंश्लेषण मोजत नसता, शिजणारं पान मोजत असता. आत छोटा, बॅटरीवरचा पंखा ठेवला तर पानाभोवतीचा स्थिर थर पातळ होतो आणि आकडा डोलत नाही.

दर मिनिटाला नोंद करा. समजा दहा मिनिटांत आकडा ४०० वरून ३४० वर आला. ६० पीपीएम गुणिले २० लिटर म्हणजे १,२०० मायक्रोलिटर वायू, त्याला २४.५ ने भागा (२५ अंशांना एक मोल वायू २४.५ लिटर जागा घेतो), ४९ मायक्रोमोल. भागिले ६०० सेकंद, सेकंदाला ०.०८२. पानांचं क्षेत्रफळ आलेखाच्या कागदावर बाह्यरेषा काढून मोजा; २०० चौरस सेंटिमीटर असेल तर ०.०२ चौरस मीटर. उत्तर: दर चौरस मीटरला, दर सेकंदाला चार मायक्रोमोल. खोलीतल्या दिव्याखाली एक ते चार हे चांगलं उत्तर आहे. भर उन्हातलं निरोगी पान १५ ते २५ पर्यंत जातं. मग डब्यावर काळं कापड टाका आणि आणखी दहा मिनिटं मोजा. आकडा वर चढेल, ते श्वसन. दोन्ही वेग मिळवले की पानाने खरोखर किती उचललं ते कळतं.

आता डबा न उघडता तसाच ठेवा. उतार सावकाश मंदावतो आणि घेवड्याचं किंवा सूर्यफुलाचं रोप असेल तर आकडा ४०–६० पीपीएमच्या आसपास अडतो. तिथे जेवढा वायू आत जातो तेवढाच श्वसनातून आणि प्रकाशश्वसनातून बाहेर येतो. हा भरपाई बिंदू. आकडा १५० वर अडला तर पिशवी गळते आहे, झाकण सैल आहे किंवा उजेड कमी आहे.

त्याच डब्यात मक्याचं रोप ठेवा. आकडा ४० ला थांबत नाही, पाचच्याही खाली उतरतो. मका, ऊस, ज्वारी यांच्याकडे वायू दाबून भरण्याची वेगळी सोय आहे. ती हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये मांडली. बाहेरच्या पेशींतलं पेप कार्बोक्झिलेज हे विकर बायकार्बोनेट पकडतं, ऑक्सिजनला भुलत नाही, आणि चार कार्बनचं आम्ल करून शिरेभोवतीच्या पेशींत पोहोचवतं. तिथे वायू सोडला जातो, रुबिस्कोभोवती तो कितीतरी पट दाटतो आणि चूक जवळपास होतच नाही. पानात कार्बन डायऑक्साइड कमी ठेवता येतो म्हणून दार कमी उघडूनही भागतं; पाण्याचा खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो. घेवडा आणि मका एकाच बंद डब्यात उजेडात ठेवले तर मका हवा इतकी रिकामी करतो की घेवडा स्वतःचा कार्बन गमावत जातो आणि काही दिवसांत पिवळा पडतो. त्याला पाणी आहे, उजेड आहे, खत आहे.

रोपं सांभाळताना

कुंडीतल्या रोपांनी खोलीची हवा शुद्ध होते, ही समजूत वरच्या मापाने तपासता येते. खोलीच्या उजेडात एक चौरस मीटर पान सेकंदाला एक मायक्रोमोल घेत असेल तर दहा तासांत दीड ग्रॅमच्या आसपास होतात. एक माणूस दिवसाला किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. खिडकी उघडणं हाच उपाय. रोपं दुसऱ्या शंभर कारणांसाठी ठेवावीत.

बंद काचघरात उलटी अडचण येते. दाट पीक असेल तर ऊन चढेपर्यंत आतला आकडा २०० किंवा त्याखालीही जातो आणि खत-पाणी सगळं नीट असताना वाढ अडते. पहिला उपाय हवा खेळती ठेवणं. बाहेरून वायू सोडायचाच असेल तर ८०० ते १,००० पीपीएम पुरेसे आहेत. त्यापुढे बहुतेक पिकांत फायदा नगण्य. उजेड असतानाच सोडा, रात्री त्याचा उपयोग शून्य. झरोके उघडले की वायू सोडणं बंद करा. जाळून वायू करणारी शेगडी नीट जळत नसेल तर इथिलीन तयार होतं आणि त्याच्या अत्यल्प मात्रेनेही फुलं-पानं गळतात. माणसाने आठ तास काम करायची मर्यादा ५,००० पीपीएम धरतात, आणि हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो खालच्या बाजूला साचतो. मापक तिथेही हवा.

दुपारी पानं निस्तेज दिसत असतील तर कुंडीला पाणी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. हवा फार कोरडी झाली की मुळांशी ओल असूनही रंध्रं आवळली जातात. सावलीची जाळी आणि सकाळी लवकर पाणी याचा उपयोग होतो. पानांना चमक आणणारी तेलं आणि मेणाचे फवारे खालच्या बाजूला अजिबात लावू नका. दारावरच ते लिंपण आहे. धूळ ओल्या मऊ फडक्याने पुसावी.

आणि एक डबा रात्रीसाठी

पानफुटीची जून, जाड पानं असलेलं रोप घ्या. त्याला दिवसा भरपूर ऊन आणि रात्री गारवा मिळालेला असावा. संध्याकाळी दोन ग्रॅम पान १० मिलिलिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कुटा आणि सामूच्या पट्टीने तपासा. त्याच फांदीवरचं तेवढ्याच वयाचं पान पहाटे, ऊन पडण्याआधी, तसंच तपासा. पहाटेचा रस स्पष्टपणे आम्लधर्मी निघतो. हे रोप कोरड्या जागी टिकायला शिकलं आहे: रंध्रं रात्री उघडायची, कारण गार, दमट हवेत पाणी कमी जातं, वायू मॅलिक आम्लाच्या रूपात रिक्तिकेत साठवायचा, आणि दिवसा दार बंद करून आतल्या आत तो सोडून रुबिस्कोला द्यायचा. एका रेणूमागे पाण्याचा खर्च पन्नासच्या आसपास येतो. कोवळ्या पानांत हा फरक पुसट असतो. तिथेच बहुतेकांचा प्रयोग फसतो.

मग तेच रोप, कुंडी पिशवीत बांधून, संध्याकाळी उशिरा मापकाच्या डब्यात ठेवा. डब्यावर काळं कापड टाका, खोलीचा दिवा बंद करा आणि मापकाचे आकडे रात्रभर आपोआप नोंदले जातील अशी सोय करा. घेवड्याचा आकडा अंधारात चढला होता. पानफुटीचा उतरतो.